वफ्राच्या वाळूतलं फुलपात्र

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी. माझी बायको सुमन म्हणायची, "पटत नाही तर वाचता कशाला?" देवाचं मी कधी फारसं केलं नाही, तर भुताखेतांचं कुठून करणार? नोकरीही तशीच होती. कुवेतमध्ये तेलाच्या पाइपलाइनींचा गंज तपासायचा. लोखंड, स्टील, मीठ, ओल. एखादा तुकडा हातात घेतला की तो साधारण किती काळ आणि कशात पडून होता हे मी सांगायचो, आणि लॅबचा रिपोर्ट फारसा वेगळा येत नसे. फुशारकी म्हणून नाही सांगत, पुढे त्याचा संबंध आहे.

आता पंच्याहत्तरी उलटली. नाशिकला असतो. हे कुणी भुताची गोष्ट म्हणून वाचलं तरी माझी हरकत नाही. पण माझ्या मित्राबद्दल मी स्वतः पसरवलेली एक खोटी गोष्ट त्यात आहे, ती मला दुरुस्त करायची आहे.

मित्राचं नाव अरविंद. आडनाव देत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आम्ही एकाच कंपनीत होतो आणि कुवेतच्या एगैला भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. तो वरच्या मजल्यावर, मी खाली. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्याने हौसेने एक मेटल डिटेक्टर मागवला. नलिनीवहिनी त्या यंत्राला 'माझी सवत' म्हणायच्या. "दर शुक्रवारी सकाळी हिला फिरायला नेतात. मला कुठे नेलंय इतकं?"

ज्यांना कुवेत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — थंडीत तिथली कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहतात, आणि मार्च संपताना तंबू उठतात. मागे वाळूत काय काय राहतं... नाणी, किल्ल्या, अंगठ्या, तंबूच्या खुंट्या. आम्ही देशाच्या दक्षिण टोकाला, वफ्राच्या शेतांच्याही पलीकडे, अशा उठलेल्या तळांवर जायचो. जुन्या वस्त्यांच्या जागा टाळायचो, कारण तिथे खणायला बंदी. आणि युद्धातलं न फुटलेलं काही असेल अशी नुसती शंका आली तरी गाडी वळवायचो. अरविंदला हवा होता आपला रुपया. एके काळी कुवेतमध्ये भारतीय रुपयाच चालायचा. "या वाळूत आपला रुपया सापडला ना दिगू," तो म्हणायचा, "तर तो फ्रेम करून एचआरच्या भिंतीवर लावतो. म्हणावं, तुमच्या आधीपासून आम्ही इथे आहोत."

त्या शुक्रवारी ऊन नुकतं वर आलं होतं. वारा नव्हता. अरविंद गाडीजवळ घडीची खुर्ची टाकून थर्मासमधला चहा ओतत होता. हल्ली तो जास्त वेळ बसूनच असायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं. डिटेक्टर माझ्या हातात होता. तळापासून थोडं दूर, जिथे तंबूची एकही खूण नव्हती, तिथे हेडफोनमध्ये आवाज आला. स्वच्छ, एकसारखा. खुंटीचा आवाज तुटक येतो. हा तसा नव्हता.

वरची सुटी वाळू हाताने बाजूला केली. खाली पांढरट, चुनखडीसारखा कडक थर लागला. तिथल्या जमिनीत असा थर असतो, आणि तो तयार व्हायला फार काळ जातो. महत्त्वाचं हे की तो अखंड होता. कुणी आधी खणून काही पुरलं असतं तर तो फुटलेला दिसला असता. मी छोट्या कुदळीने तो फोडला. खाली एक भांडं पालथं होतं.

ते स्टीलचं फुलपात्र होतं. आपल्या घरात पाणी प्यायला असतं तसलं. चकाकी पार गेलेली, सगळीकडे बारीक खड्डे, काठाशी तपकिरी डाग. माझ्या अंदाजाने ते खाऱ्या जमिनीत निदान चाळीसएक वर्षं असावं. मी अंगठ्याने वाळू पुसली. टिंबाटिंबांनी कोरलेली देवनागरी अक्षरं होती, भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात तशी. शेवटच्या अक्षरापाशी कोरणाऱ्याचा हात सटकला असावा, कारण एक रेघ पार काठापर्यंत गेली होती.

कै. अरविंद. मग त्याच्या वडिलांचं नाव, मग आडनाव. खाली — यांच्या स्मरणार्थ.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मागे खुर्ची करकरली.

"काय लागलं रे दिगू?"

"कॅन," मी म्हणालो.

"कोला की मँगो ज्यूस?"

"वाचता येत नाही."

"चष्मा बदल. चहा गार होतोय."

मी ते भांडं होतं तसं पालथं ठेवलं आणि पायाने वाळू लोटली. जीपीएसवर खूण मात्र केली. का केली ते माहीत नाही.

परत येताना गाडी अरविंद चालवत होता. शेतं मागे पडली आणि तो एकदम म्हणाला, "हल्ली जिना चढताना छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं होतं रे. थांबलो की जातं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"आज घरी गेल्यावर नलूला सांगतो. आधी ओरडेल, 'वाळवंट तुडवताना बरं दुखत नाही', मग स्वतःच अपॉइंटमेंट घेऊन मला ओढत नेईल." तो हसला. "तुला काय वाटतं?"

आता हे नीट लिहायला हवं. मला काय वाटत होतं हे मला पक्कं माहीत होतं. 'आत्ताच्या आत्ता क्लिनिकला गाडी घे' असं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, तू इतका का घाबरलास? आणि मला ते भांडं सांगावं लागलं असतं. ते तोंडातून निघालं की खरं होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. आयुष्यभर अशा विचारांना हसलेला माणूस मी... पण जीभ हलेना. शेवटी हलली तेव्हा म्हणालो, "ॲसिडिटी असेल. मेमध्ये पुण्याला जाणारच आहेस, तिथेच दाखव. वहिनींना आत्ता सांगू नको, उगाच घाबरतील."

"म्हणतोस?"

"हो."

त्याने माझं ऐकलं. तो माझं नेहमी ऐकायचा.

मे महिना आलाच नाही. लिफ्ट बंद होती आणि तो जिन्यात कोसळला, माझ्याच मजल्यावर. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये वहिनींनी मला विचारलं, "भावजी, तुम्हाला काही बोलले होते का हे?"

मी म्हणालो, "नाही. कधीच नाही."

तिथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत मी बोललो. 'आपलं दुखणं अरविंदने शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही' हे माझंच वाक्य. लोकांनी माना डोलावल्या. मग मागून कुजबुज सुरू झाली — घरी सांगायची सोय नसेल, वहिनी तोंडाच्या फटकळ आहेत, सारख्या टोमणे मारायच्या. ही कुजबुज माझ्या कानावर आली होती. मी गप्प राहिलो. वहिनी सामान आवरून चिंचवडला निघून गेल्या.

त्यानंतर एका सकाळी मी एकटाच वफ्राच्या पलीकडे गेलो. जीपीएसची खूण बरोबर होती. माझा खड्डा होता, फोडलेल्या थराचे पांढरे तुकडे होते, आणि खालच्या कडक मातीत भांड्याच्या काठाचा गोल ठसाही होता. भांडं नव्हतं. डिटेक्टर आजूबाजूला खूप फिरवला. गप्प. कुणीतरी नेलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. असेलही.

वर्षश्राद्ध झाल्यावर पुण्याहून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर वहिनींनी एक खोकं पाठवलं. आत स्टीलचं फुलपात्र. तेच नाव, तशाच टिंबांची अक्षरं, ओळही तिथेच तोडलेली. मी लगेच शेवटचं अक्षर पाहिलं. रेघ सटकलेली नव्हती, कोरीव काम अगदी नेटकं होतं. म्हणजे हे ते नव्हे. या एका फरकाला धरून मी पुढची सगळी वर्षं काढली. स्मरणार्थ भांडी वाटायची आपल्याकडे पद्धतच आहे, अक्षरं सगळीकडे सारखीच असतात, उन्हात मला भास झाला असेल... सुमनजवळही कधी बोललो नाही. फुलपात्र माळ्यावर ठेवून दिलं.

गेल्या वर्षी सुमन गेली. त्यानंतर घरात बोलायला कुणी नाही आणि डोकं तिथेच जातं. शेवटी एक दिवस चिंचवडला गेलो. वहिनी थकल्या आहेत, पण बोलणं तसंच. दार उघडून म्हणाल्या, "या. इतक्या वर्षांत रस्ता सापडला का?" मला बसवलं आणि पाणी आणून दिलं.

मी फुलपात्र तोंडाशी नेलं आणि काठावर ती रेघ दिसली. शेवटच्या अक्षरापासून वर गेलेली.

"हे... हे असं कसं?" मी विचारलं.

"ते होय. शेवटचं अक्षर कोरताना दुकानदाराचा हात सटकला. बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं राहू दे, हे वाटायचं नाही, घरात ठेवते. तेव्हापासून मी यातच पाणी पिते."

"हे कधी कुवेतला नेलं होतं का कुणी?"

"मीच परत गेले नाही, ते कुठून जाणार? काय झालं भावजी? पाणी कडू आहे का?"

मी ते खिडकीच्या उजेडात धरलं. रोज घासून लख्ख झालेलं. एक खड्डा नाही, एक डाग नाही. हे स्टील एक दिवससुद्धा जमिनीत राहिलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. आणि वाळूत माझ्या हातात आलं ते कित्येक वर्षं जमिनीतच होतं, हेही तितक्याच खात्रीने सांगतो. रेघ मात्र तीच. तिचं वळणसुद्धा.

मग मी सगळं सांगितलं. वाळूपासून शोकसभेपर्यंत. मला वाटलं होतं, त्या आधी भांड्याबद्दल विचारतील. त्यांनी ते बाजूला सरकवलं.

"गाडीत हे काय म्हणाले, ते त्यांच्या शब्दांत सांगा."

"छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं होतं म्हणाला."

"आणि?"

"आज घरी गेल्यावर नलूला सांगतो. आधी ओरडेल, मग स्वतःच अपॉइंटमेंट घेऊन मला ओढत नेईल."

"असं म्हणाले?"

"हसून म्हणाला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मला वाटत होतं, माझ्या बोलण्याला भिऊन हे गप्प राहिले," त्या म्हणाल्या. "लोकांनाही तेच वाटलं. मुलगीसुद्धा एकदा भांडणात तेच बोलून गेली मला. इंग्रजीत बोलली, पण बोलली."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"वाळूत काय बघितलंत ते मला कळत नाही. घाबरलात, हे समजू शकते. मीही घाबरले असते. पण हॉस्पिटलात मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. तेव्हा हे गेलेच होते. आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं, भावजी? तेव्हा कशाला घाबरलात?"

मी फुलपात्र उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

निघताना त्या म्हणाल्या, "ज्यांच्यासमोर ते खोटं बोललात, त्या सगळ्यांना खरं सांगा." मंडळातले अर्धे लोक भारतात परत आले, काही वारले, बाकीचे कुठे कुठे गेले. पण हे सदर त्यांतले पुष्कळ जण वाचतात, म्हणून इथे लिहितो आहे. अरविंदने आपलं दुखणं लपवलं नव्हतं. तो त्याच दिवशी बायकोला सांगणार होता. मी त्याला अडवलं, आणि नंतर खोटं बोललो.

फुलपात्राचा उलगडा मला झालेला नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, आणि या वेळी हसणार नाही. पण वहिनींनी विचारलं त्याचं उत्तर दुसरं कुणी देऊ शकणार नाही. रोज सकाळी मी ते शोधायला बसतो, आणि अजून तरी मला ते सापडलेलं नाही.