लाल तोंडाची वही

माझे दीर देवीदासभाऊजी शेवंतीची फुलं पिकवतात आणि गावातल्या माणसांची दारू सोडवतात. दोन्ही कामं त्यांना जमतात, फक्त शेवंती उलटून बोलत नाही. बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावात दर शनिवारी मारोतीसमोर दिवेलागणीला तीर्थ, मग भजन, मग आरती, आणि शेवटी शपथ. भाऊजी माणसाच्या तळहातावर तीर्थ घालतात, ते हातात धरून तो दारू सोडतो. आजवर अकरा जण सुटले.

बारावा किसनराव, भाऊजींचा लहानपणचा मित्र, रेल्वेतून रिटायर झालेला. त्याच्यासाठी त्याच्या बायकोने, दुर्गाबाईने, सोळा शनिवार उपास केले, तेव्हा कुठे त्याने हात पुढे केला. केला आणि थांबला. भाऊजींचं तोंड, कान, मान, सगळं लालबुंद.

"देव्या, माह्याहून लाल तं तू हाय बे. पहिले तूच घे शपथ."

सगळं देऊळ हसलं. किसनरावाचा हात परत खिशात गेला. "तुहं तोंड ठिकाणावर येईन त्या शनिवारी मी सोडीन," म्हणाला.

पुढे रोज संध्याकाळी तेच. माझी जाऊ शकुन त्यांचं तोंड हुंगून थकली. "दारूचा तं सोडाच, बडीसोपेचाही वास येत नाही," म्हणे. शेवटी आम्ही दोघी त्यांना राजापेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

"दारू?" बाईंनी विचारलं.

"त्याच्यासाठीच तं आलो बाई, नाही म्हणून लिहून द्या," भाऊजी म्हणाले.

मग मिरची, गरम चहा, ऊन, बीपी, थायरॉईड. छातीत धडधडतं का, जुलाब होतात का, घाम येतो का. "तोंड लाल व्हायची कारणं पुष्कळ असतात," बाई म्हणाल्या. "लाजेनंही होतं."

"लाजेनं होत असतं तं लग्नात झाले असते," शकुन म्हणाली.

"काही गोळ्या चालू?"

"एकही नाही," भाऊजी म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत, म्हणून आम्हीही मान डोलावली.

बाईंनी नाडी, बीपी पाहिलं, रक्त तपासायला लिहून दिलं, आणि दहा दिवस वही ठेवायला सांगितली. कधी लाल झालं, आधी काय खाल्लं, किती वेळ राहिलं. माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.

ठेचा खाल्ला: काही नाही. उन्हात फुलं तोडली: थोडं. शकुनशी भांडण: फक्त कान. रोजच्यासारखं मारोतीसमोर तीर्थ घेतलं: अर्ध्या तासाने लालबुंद, मानेला चुणचुण, तासाभराने उतरलं. दहाही दिवस शेवटची ओळ तीच. मला लिहायची भीती वाटायला लागली. मारोतीरायाचं नाव मी कसं घेऊ? वही देवघरापासून लांब, गव्हाच्या कोठीवर ठेवायची.

बाईंनी वही वाचली. "तीर्थात काय असतं?"

"पाणी, तुळस."

"आणखी?"

"अन् गोळी."

शकुनने त्यांचा खिसा चाचपला.

"गोळी नाही म्हणालात ना?" बाई म्हणाल्या.

"देवासमोर तीर्थासंगं घेतली म्हणजे ते औषध काहून? प्रसाद झाला तो."

खिशातून गोळ्यांचं पान निघालं. त्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व होतं, बाईंनी सांगितलं. त्यानेच तोंड लाल होतं, उपाशीपोटी जास्तच. त्या गोळ्या किसनरावाला अकोल्याच्या डॉक्टरने जेवणानंतर घ्यायला दिल्या होत्या. कलेजा साफ राहतो म्हणून त्याने चार पानं मायेने मित्राला दिली. बाईंनी चांगलं झापलं, गोळी बंद केली, लिव्हरही तपासायला लावलं. देवाच्या दयेने सगळं ठीक निघालं.

पुढच्या शनिवारी भाऊजी आपल्या नेहमीच्या सावळ्या तोंडाने उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, "ते दुसऱ्याच्या गोळीनं होत होतं."

"कोणाच्या?" चारपाच आवाज आले.

भाऊजी खोटंही बोलेनात आणि मित्राचं नावही घेईनात. तेवढ्यात दुर्गाबाईने बायकांतून विचारलं, "काहो, तुमच्या गोळ्या दिवाळीलोक पुरणार होत्या. पोळ्यालेच कशा सरल्या?"

किसनरावाचं तोंड कानापर्यंत लाल झालं. हे कशाने, त्यासाठी वही लागली नाही.

त्याने हात पुढे केला. "घाल बे देव्या, लवकर."

भाऊजींनी पळी वरच धरली. "पहिले म्हण, माह्या गोळ्या कोणाले देणार नाही."

किसनरावाने ते म्हटलं. मग दारूचं म्हटलं.