ढग आले की काढायची वायर

पासलीच्या घरी गोठ्याच्या खांबावर, पडवीकडे तोंड करून मी कॅमेरा बसवला, तेव्हा आपल्याइतका मातृभक्त वेल्हे तालुक्यात दुसरा नसेल असे मला वाटले होते. आई तिथे एकटी राहते, एकदा ओट्यावरून घसरली होती, आणि भोरला आमच्याकडे यायला काही केल्या तयार नव्हती. मग मी कचेरीत फायलीआड मोबाईल धरून आईवर लक्ष ठेवू लागलो. आवाजही येत असे.

दिसले की बोलल्याशिवाय राहवत नाही. "आई, हा तिसरा चहा," मी फोन करून सांगायचो. "साखर किती घातलीस?" ती कॅमेऱ्याकडे टक लावून बघायची. त्या नजरेत मला माया दिसायची.

एका वळवात वीज कडाडली आणि कॅमेरा, घरातला राऊटर, दोन्ही गेले. लाइटच्या बोर्डाला तर मी महागडे संरक्षण लावले होते! दुकानदाराने सांगितले, वीज बोर्डातून आलीच नाही, अंगणावरून नेलेल्या कॅमेऱ्याच्या वायरीतून शिरली. त्या एवढ्याशा नाजूक वायरीचा मला संशयच आला नव्हता. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, असा माझा बंदोबस्त. नवे सामान बसवून मी आईला बजावले, "ढग आले की ही वायर काढून ठेवायची."

ती इतकी आज्ञाधारक निघाली की मला भरून आले. रोज दुपारी कॅमेरा बंद. विचारले की म्हणायची, "ढग आल्यात." डोंगरातले गाव, तिथे ढगांना काय तोटा, असे मी कचेरीत सगळ्यांना समजावून सांगायचो. दिवाळी गेली, थंडी पडली, भोरचे आभाळ निळेभोर झाले, तरी पासलीत ढग होतेच. बिचारीला किती वेळा उठावे लागते, या विचाराने मीच कळवळलो.

म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावले. काडेपेटीएवढी डबी, वायरीतून एकदम व्होल्टेज चढले की ते जमिनीत सोडून देते. त्यासाठी घरामागे खड्डा खणला, मीठ-कोळसा भरून अर्थिंग केले, हातांना फोड आले. "आता वायर काढायची गरजच नाही," मी जाहीर केले.

आईचा चेहरा पडला. "कदीच न्हाई?"

"कधीच नाही!"

तेवढ्यात शेजारची काकू सुपात वालाच्या शेंगा घेऊन आली आणि अंगणातच थांबली. दाराआड राऊटरपाशी बसलेला मी तिला दिसलो नाही. "आदी ती वायर काड," ती आईला म्हणाली. "तुजं पोरगं तिकडं बसून समदं ऐकतंय. मला सुनेचं बोलायचंय."

पासलीवर इतके महिने कसले ढग दाटत होते, ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरले. दोघी शेंगा सोलत बसायच्या, चहा व्हायचा, आणि तेवढ्यापुरते मी नको असायचो. लाज वाटली. वाईटही वाटले. मी उगाच अर्थिंगची तार ओढून बघितली आणि म्हणालो, "आई, या डबीचा तसा काही भरवसा नाही. ढग आले की वायर काढत जा."

परवा दुपारी मोबाईलवरची पडवी दिसेनाशी झाली. मी फोन लावला. "ढग आलेत का गं?"

मागे बायकांचे खिदळणे चालले होते.

"व्हय," आई म्हणाली. "लई आल्यात."