पुन्हा आवळलेली चकरी

नाकाडोंगरीच्या उतारावर भाऊजींचे पाय पायडलवरून सुटले नव्हते. सुटली ती मी बसवलेली चकरी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना नाही, ताईलाही नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आसगावला त्यांची धानाची शेती. ऐंशी सालाच्या आधीची गोष्ट. धान घरात आलं की आम्ही दोघं सायकली काढायचो आणि जिल्हा पालथा घालायचो. भाऊजी सायकल चालवायचे ते खाण्यासाठी. भूक लागायच्या आधी खायचं, हा त्यांचा नियम. हँडलला लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची पिशवी, मागे भात शिजवायचा गंज आणि नवा तांदूळ. तलावाच्या पाळीवर तीन दगड मांडून भात चढवायचा. तो शिजेस्तोवर कुणाकडून मासोळ्या मिळतात का ते पाहायचं, नाहीतर उकडलेले शिंगाडे. "पायानं नाई गा, पोटानं चालते सायकल," म्हणायचे. तसं जेवण मी पुढे कुठल्या लग्नातही जेवलो नाही.

माझं वेड निराळं होतं. बाजाराच्या मैदानात एक माणूस पाय न टेकवता सायकल फिरवायचा, उलटीसुद्धा. त्याच्या गाडीला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच, आणि पाय रोखले की चाक थांबणार. मला तशीच हवी होती. जुनी फ्रेम आणली, फ्रीव्हील काढून मागच्या चाकाच्या आट्यांवर दातेरी चकरी आवळली, ब्रेक उतरवले. पायच ब्रेक, मग ते लोढणं कशाला?

भाऊजी खूप हसले. "साळेबुवा, सायकल आहे का घाण्याचा बैल? पायाले आरामच नाई!"

ते मला लागलं. तीच गाडी घेऊन आम्ही नाकाडोंगरीला निघालो. तुमसर मागे पडल्यावर एका ढाळावर मी पाय मागे दाबले, तेव्हा चकरी आट्यांवर किंचित फिरली. उलटा जोर पडला की ती सैल होत होती. तिथेच उतरून गाडी हातात धरायला हवी होती. पण नाकाडोंगरीला भाऊजींची मावशी स्वयंपाक करून वाट पाहत होती, मला भूक लागली होती, आणि उतरलो असतो तर पुन्हा तो बैल ऐकावा लागला असता. तेवढ्यात तेच म्हणाले, "आण, पाहू दे तुया बैल." मी दिली. तोंड उघडलं नाही.

उतारावर त्यांनी पाय रोखले. चकरी सुटली आणि गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडावर आदळली. लोकांनी त्यांना उचलून बैलगाडीत घातलं, तेवढ्यात मी चकरी हातानं फिरवून परत बसवली. भाऊजी कण्हत सांगत होते, "पायच सुटले माये."

उजवा पाय वाकायचा, पण त्यात जोर राहिला नाही. साध्या सायकलवर पायडल वर आलं की तो तिथेच अडायचा. भटकंती बंद झाली. भाऊजी ओट्यावर बसून जेवायचे आणि अर्धं ताट सारून द्यायचे. तेच मला बघवत नव्हतं.

मग मी तीच गाडी पुन्हा बांधली. या खेपेला चकरी वेल्डिंग करून घेतली, दोन्ही ब्रेक लावले, उजव्या पायडलला ट्यूबचा पट्टा बांधला. ताई आडवी आली. "काहून बसवून राहिला त्याईले त्या गाडीवर? एक पाय उरला, तो बी मोडाचा आहे का?"

भाऊजी तरी चढले, आणि मी सीट धरून मागे पळालो. डावा पाय जोर देत होता, आणि न थांबणारं पायडल उजव्याला आपसूक वर नेऊन पुढे उतरवत होतं. बांधापाशी भाऊजी ओरडले, "अवं, पाहून राहिली का? हा आळशी पाय बी कामावर जाऊन राहिला!" ताई पदरात तोंड घालून हसत होती. की रडत होती, ते मी पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही शहापूरपर्यंत गेलो. वाटेत पाळीवर भात शिजत असताना एका म्हाताऱ्यानं पायाचं विचारलं. भाऊजी म्हणाले, "मायी चूक. माये पाय सुटले होते. साळ्याची गाडी पक्की होती." आणि गंजातला मधला, मोकळा भात आधी माझ्या ताटात वाढला.

आम्ही अजूनही निघतो, आता जवळपासच. विचारणारे भेटतात, आणि ते तेच सांगतात.

पाय सुटले नव्हते भाऊजी, चकरी सुटली, आणि ती सुटणार हे मला ठाऊक होतं. एवढं त्यांच्यासमोर बसून, पहिला घास घेण्याआधी सांगणं, हे देणं मी त्यांचं लागतो.