नानांची पोच

तार दुपारी आली. नागपूरच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तारा येतच असतात, त्यामुळे हातात पडलेल्या मजकुरात जास्तीचे शब्द शोधायची सवय लागते. या तारेत एवढंच होतं : नाना गेले, मिळाल्याचे कळव. खाली शालूचं नाव. मृत्यूच्या तारेत पोच कोणी मागत नाही. पण नानांच्या, म्हणजे नारायणराव खापऱ्यांच्या, मुलीने ती मागितली होती. मी तारघरात जाऊन आधी उलट तार केली, मग बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसलो...

नाना बालाघाटला एका सरकारी कचेरीत जावक कारकून होते. मध्य प्रदेशाची राजधानी नागपुरात होती तोवर धाडलेला कागद कुठे अडकला हे गाडीत बसून पाहून येता येई. छप्पन साली ती भोपाळला गेली आणि कागद विहिरीत टाकल्यासारखे जाऊ लागले. नाना म्हणत, बुडाल्याचा आवाजही येईना. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी तिथल्याच आमच्या कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. 'संप्रेषण' या विषयाचं प्रमाणपत्र होतं ते. एका विभागाला हा विषय पेलणार नाही म्हणून चार विभागांनी मिळून शिकवायचा, अशी योजना होती. मला वर्तमानपत्रात जायचं होतं म्हणून मी तिथे होतो. इतर बरेच जण त्या खोलीत पंखा होता म्हणून. पहिल्या दिवशी नाना आत आले तेव्हा सर समजून सगळा वर्ग उभा राहिला. त्यांनी हाताने सगळ्यांना बसवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "तीस वर्सं कागद धाडले बापा," ते म्हणाले. "आता पोचते कसे, थे त पाहू."

हिंदीचे सर भाषण शिकवत, वाणिज्यचे सर तार आणि व्यापारी पत्रं, प्राणिशास्त्राचे सर मधमाश्या एकमेकींना फुलांची दिशा कशी कळवतात ते, आणि एनसीसीचे कॅप्टनसाहेब झेंड्यांच्या खुणा. चौघांनी आपसात काही ठरवलेलं नसल्याने 'संप्रेषण म्हणजे काय' हा पहिला धडा आम्ही चारदा शिकलो. नानांनी चारही व्याख्या पाठ केल्या. मधमाशीचा नाच त्यांनी घरी स्वयंपाकघरात करून दाखवला. काकूंनी विचारलं, "कंबर धरली का जी?"

पण त्यांच्या अंगात भिनला तो कॅप्टनसाहेबांचा नियम. ऐकणाऱ्याने निरोप आपल्या तोंडाने परत म्हणायचा. तोवर तो पोचला असं धरायचं नाही. नाना आयुष्यभर याचीच वाट पाहत असावेत. दूधवाला, भाजीवाली, डॉक्टर, कोणी सुटलं नाही. काही सांगून झालं की नाना भुवया वर करत : "काय सांगलं मी?" कचेरीतल्या साहेबांनीही एकदा परत म्हणून दाखवलं, त्यानंतर त्यांनी नानांना खोलीत बोलावणं कमी केलं.

शालू रोज मोटारीने वारासिवनीला जाई. तिथल्या शाळेत ती शिकवत होती. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, ही तिची अट होती आणि त्या अटीवरून दोन स्थळं परत गेली होती. तिसरं वारासिवनीचंच आलं. मुलगा राइस मिलमध्ये मुनीम होता. त्याचे वडील शामरावजी मोठ्या आवाजाचे. वर्गबंधू म्हणून नानांनी मलाही बोलणीला बसवलं. सगळं जुळलं. शामरावजी उठायला लागले तसे नाना म्हणाले, "बसा जी. लग्नानंतरही पोरगी नोकरी करन, असं ठरलं. आता सांगा, काय सांगलं मी?"

शामरावजींनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "मी का दुसरीतला पोट्टा आहो?"

"नाही जी. एकडाव सांगा फक्त."

आत कपबशी फुटली. पाठोपाठ काकूंची हाक आली, "अजी, आत या जरासक!" नाना हलले नाहीत.

"पोरगी नोकरी करन," शामरावजी दात आवळून म्हणाले, "जमन तोवर."

"'जमन तोवर' मी म्हनलो नाही."

"मंग का फरक पडते?"

"तिले पडते."

दाराच्या पडद्याखाली शालूची पावलं दिसत होती... तेवढा वेळ पोह्यांच्या बशीत पाहत बसलेल्या मुलाने मान वर केली. "पोरगी नोकरी करन," तो म्हणाला. "बस."

"याले पोचलं," नाना म्हणाले.

शामरावजी चहा न घेता गेले. आठवड्याने त्यांच्याकडून एक माणूस होकार घेऊन आला; नानांनी त्याच्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला. आम्ही दोघंही परीक्षा पास झालो. प्रमाणपत्र टपालाने यायचं होतं. माझं आलं. नानांचं शेवटपर्यंत आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी बालाघाटला गेलो. ओसरीवर दाराशी नानांची वेताची खुर्ची होती तिथेच आहे. निघणाऱ्या माणसाला ते तिथूनच अडवत. शालू वारासिवनीहून शाळा आटोपून आली होती. आता ती वरच्या वर्गांना शिकवते. काकूंनी चहा दिला. मी निघालो, चप्पल घातली.

"भाऊ, पोळ्याले ये," शालू म्हणाली. "आईले बरं वाटन."

"पोळ्याला येईन," मी म्हणालो. "जमलं तर."

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि भुवया वर केल्या.

"'जमलं तर' मी म्हनली नाही."

मी चप्पल काढली, परत ओसरीवर आलो आणि म्हणालो, "पोळ्याला येईन."