गारचा नळ

आमच्या चिपळूणकडे अळू कोणी मुद्दाम लावत नाही. परसात न्हाणीचं पाणी जिथे सांडतं तिथे ते आपोआप माजतं. त्याच भरवशावर मी इथे आखातात, फहाहीलच्या घरामागच्या वाळूत अळूचे कंद पुरले. वरून शेणखत घातलं, अंघोळीचं पाणी बादल्यांनी नेऊन ओतलं. वाळू ते गटागटा प्यायची आणि वर मिठाचा पांढरा थर सोडायची. तरी थंडीत चार पानं आली.

उन्हाळा लागला तसं माझं बाहेर पडणंच बंद झालं. नवरा कामावर, गाडी त्याच्याकडे, माझा व्हिसा त्याच्या नोकरीला टांगलेला. मागचं दार उघडायचं ते फक्त अळूसाठी. एका दुपारी घाईत नळाला पाइप लावून पाणी सोडलं आणि पानं डोळ्यांदेखत शिजली. इथे गच्चीवरची टाकी उन्हाने तापते आणि गारच्या नळाला तेच कढत पाणी येतं, म्हणून उन्हाळ्यात गिझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी गरमच्या नळाने गार म्हणून वापरतात. मीही रोज त्यानेच अंघोळ करायचे. अळूला मात्र गावच्या सवयीने गारचा नळ सोडला!

एक कंद वाचला. तो बादलीत लावून एसीच्या खोलीत आणला. आता पानं येतात, पण फिकट, तळहाताएवढी, सगळी खिडकीच्या काचेला चिकटलेली.

"बघ, आत आणलंस म्हणून जगलं," नवरा म्हणाला.

"जगलंय ना? मग दाखव त्याची वडी करून."