सोनईला पाठवणाऱ्या डॉक्टरबाई

सहाव्या वर्षी माझं पोट ज्यांनी कापलं, त्या डॉक्टरबाई आज सकाळी गेल्या.

वय नव्वदीच्या पुढे. झोपेतच.

एकोणीसशे एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. आम्ही तिसगावचे. माझं पोट डावीकडे फुगायचं, दुखायचं. सगळे म्हणायचे, जंत असतील.

नगरला एक्स-रे काढला तेव्हा कळलं, किडनी सुजलीय. लघवी खाली उतरायची वाट जन्मापासूनच अरुंद.

पहिले डॉक्टर म्हणाले, "किडनी काढून टाकू. एकीवर माणूस जगतो."

वडील तयार झाले.

आई नाही.

मग कुणीतरी या बाईंचं नाव सांगितलं. नगरमध्येच त्यांचं छोटं हॉस्पिटल होतं.

बाईंनी एक्स-रे खिडकीला धरला आणि थेट आईला विचारलं, "पाटाचं तोंड बुजलं तर विहीर बुजवता का?"

"न्हाई. तोंड मोकळं करतो."

"मग तेच करायचंय. अरुंद तुकडा कापायचा, चांगला भाग जोडायचा."

आज त्याला पायलोप्लास्टी म्हणतात.

आईनं विचारलं, "आदी केलंय का तुमी?"

वडिलांनी मानच खाली घातली. डॉक्टरला असं विचारतात का!

बाई शांतपणे म्हणाल्या, "इतक्या लहान लेकराचं एकदाच केलंय. सोनईची मुलगी आहे. पत्ता देते, बघून या."

आई खरंच गेली. दुसऱ्या दिवशी, एकटी, एसटीनं.

ती मुलगी बोरं पाडत होती. तिच्या आईनं झगा वर करून व्रण दाखवला. माझ्या आईनं त्यावर बोट फिरवलं.

"लघवीला दुखतं का गं?"

"न्हाई. भूक लई लागती."

संध्याकाळी आईनं येऊन ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

ऑपरेशन झालं. कुशीतून नळी, खाली बाटली. बाई रोज आधी बाटली बघायच्या, मग मला.

दहाव्या दिवशी नळी निघाली. मी टमरेलात लघवी केली. बाईंनी ते उजेडात धरलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "झकास!"

पुढं कित्येक वर्षं आमच्या दारात अनोळखी बाया यायच्या. कुणी पाथर्डीची, कुणी खर्ड्याची. कडेवर आजारी लेकरू.

"डॉक्टरबाईंनी पाठवलंय."

आई मला शाळेतून बोलावून आणायची. मी ऐटीत झगा वर करायचे.

चहा पिऊन त्या बाया सरळ नगरची गाडी धरायच्या.

बाई, निवांत जा. तुमची शिवण अजून पक्की आहे.

तुम्हाला मनापासून शेवटचा नमस्कार.