अस्सल खोक्यातला नकली फिल्टर

पोलिसातल्या नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता पुसट झालेत, पण ऑइल फिल्टरचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्यात मी जेवढा गोंधळलो, तेवढा खुनाच्या तपासातही कधी गोंधळलो नव्हतो.

फिर्यादी कोथरूडचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. चांदणी चौकाच्या चढावर त्यांच्या गाडीचं इंजिन जाम झालं होतं. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी वारज्याच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं.

"शेजारी उभं राहून फिल्टर बदलून घेतलाय मी. आता आपण त्या गॅरेजवाल्याला आत घेताय, की मी आयुक्तांकडे जाऊ?" त्यांनी मला विचारलं. पुण्यात धमकीसुद्धा 'आपण' म्हणून देतात.

गॅरेजवाला अमरावतीकडचा तरुण. जबाब देताना तो म्हणाला, "साहेब, मी असं काऊन करीन? नाव गेलं तं माह्यापाशी काय राहते?" फिल्टर त्याने नारायण पेठेतल्या दुकानातून रीतसर बिलावर घेतला होता. दुकानदार म्हणाला, माल नेहमीच्या सेल्समनने दिला. तो सेल्समन फोन बंद करून बसलेला.

कंपनीच्या अधिकाऱ्याने पंचांसमोर फिल्टर कापला. आतला कागद फाटला होता आणि त्याच्या चिंध्यांनी इंजिनातली ऑइलची वाट अडवली होती. "नकली," तो म्हणाला. मग दुकानातून जप्त केलेल्या, त्याच खेपेतल्या न विकलेल्या फिल्टरचं खोकं उलटसुलट करून बघत राहिला. "खोकं मात्र आमचंच आहे." खोक्यावरचा कोड मोबाईलवर तपासला, तर तोही अस्सल. आता कुणाला धरायचं? गॅरेजवाल्याला अटक केली असती तर फिर्यादी खूश झाले असते, पण माझं मन घेईना.

त्यातच एका खबऱ्याने भलतंच सांगितलं. "साहेब, वारज्याच्या कडेला एक भंगारवाला हाय. रिकाम्या खोक्याला लोखंडापेक्षा जास्त भाव देतोय."

"मी फिल्टर शोधतोय, रद्दी नाही," असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं.

मुद्देमालावर लाखेचं सील लावायच्या आधी मी ते खोकं पुन्हा हातात घेतलं. आतल्या घडीला बोट लागलं, ते काळं झालं. नवं ऑइल मधाच्या रंगाचं असतं, काळं होतं ते इंजिनात फिरल्यावर. म्हणजे या न विकलेल्या खोक्यातही आधी कधीतरी वापरलेला फिल्टर ठेवला होता. तेव्हा कुठे खबऱ्याचं बोलणं डोक्यात शिरलं.

मी काकांना बोलावलं. "तुमच्या गाडीचे जुने फिल्टर जातात कुठे?"

"मी दर वेळी जुना पार्ट नव्याच्या खोक्यात घालून घरी आणतो," ते तोऱ्यात म्हणाले. "खरंच बदलला, याचा पुरावा नको? आमच्या सोसायटीत सगळेच आणतात."

"आणि मग?"

"साठले की भंगारात..." ते बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा पडला.

आम्ही त्या भंगारवाल्याच्या शेडवर छापा घातला. तो सेल्समन तिथेच नकली फिल्टर अस्सल खोक्यांत भरत बसला होता. भंगारवाला मलाच समजावू लागला, "साहेब, म्या काय चोरलंय? लोकंच आणून देत्यात. एक खोकं फाटलेलं नसतंय, लई जपत्यात."

गॅरेजवाल्यावरचा संशय संपला, हे सांगायला मी त्याला आणि काकांना ठाण्यात बोलावलं. काका बसल्या बसल्या म्हणाले, "माझी तक्रार खोटी नव्हती." गॅरेजवाल्याने मान खाली घालून विचारलं, "काका, इंजिन मी खोलून पाहू का?"

काकांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "खोल. मी शेजारी उभा राहणार नाही."

संशय घेणं हा माझा पेशा. इथे मात्र सगळ्यात सावध माणसंच चोराला खोकी पुरवत होती. मग माणसाने सावध राहायचं ते किती, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. त्या दिवशी तो पोरगा किल्ली मुठीत धरून रडला, आणि निर्दोष ठरणं वेगळं, विश्वास परत मिळणं वेगळं, एवढं मला कळलं. पहिलं आम्ही पोलीस देऊ शकतो. दुसरं काकांनाच द्यावं लागलं.